शेरा

पांढरकवड्याच्या सोनाराकडे
काट्यावर शंभर दाणे ठेवले.
चष्मा वर सरकवून तो म्हणाला,
मॅडम, मणी कशाचे?
रानमुगाचे.
दीड ग्रॅमला एक गुंज कमी.
दुकानातले मूग याच्या अडीचपट भरले.
त्यानं पैसे घेतले नाहीत.

वहीत लिहिलं: दाणा बारीक, कबरा.
शेंगा एकदम पिकत नाहीत,
आज दोन, परवा पाच, मधेच पुन्हा फूल.
वेल धुऱ्यावरून सरळ तुरीवर चढतो.
वरण: चार शिट्ट्यांनंतरही मूठभर कुचर,
दाताखाली खडा यावा तसे.
चव: आधी मातकट, मागून गोड.
हे मागून गोड कोणत्या रकान्यात घालावं,
कळेना.

भादव्यात गावभर मुगावर केवडा आला,
पानं हळदीत बुडवून काढल्यासारखी.
धुऱ्यावर याला डागसुद्धा नव्हता.
म्हणून तर आश्रमशाळेमागचे तीन वाफे,
म्हणून ही तीन वर्षं.

खरी अडचण दुपारची.
ऊन चढलं की शेंग तट्कन उलते,
पिळा पडतो,
आणि दाणे कुठल्या कुठे.
पोरींनी जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या,
वेलावेलाला बांधल्या.
लांबून वाटे, कुणी नवस बोललंय.

तिसऱ्या वर्षी सतरा नंबरची शेंग
उलली नाही.
आठ दिवस पाहिलं.
वाळून काळी ठिक्कर पडली, तरी नाही.
शेवटी नखानं उघडली:
अकरा दाणे, जागच्या जागी, रांगेत.

दुसरी तशीच शेंग ओंजळीत धरून
मुत्ताबाई टेकामच्या अंगणात गेले.
हा वेल मला पहिल्यांदा तिनंच दाखवला होता,
सरपणाची मोळी न उतरवता,
पायाच्या अंगठ्यानं.

तिनं शेंग उलटीपालटी केली.
कानाशी हलवली.
"अन् कोनी तोडाले आलंच नाई,
त यानं मंग का करावं?"

येऊ की आपण, मी म्हटलं. दरसाल येऊ.

"हव," ती म्हणाली.
चुलीत काटकी सारली.
"तुमची बदली कवा हाये?"

अकरा दाणे कागदाच्या पुडीत आहेत,
वर नंबर, तारीख.
पुडी डब्यात, डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे.
शेऱ्याचा रकाना अजून कोरा.
साडेबारा होत आलेत.
ज्या शेंगांना पिशव्या पुरल्या नाहीत
त्या मागे तडतडू लागल्यात,
आणि सातवीतली जंगू
वाफ्यात ओणवी होऊन
सापडेल तो दाणा कच्चाच खातेय.