डावा की उजवा

केबिनमधून कागद येतो.
अक्षर असं, की मुंगी शाईत पडून
तशीच चालत गेलेली.
मी वाचतो. बारा वर्षं वाचतोय.
त्याआधी अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात
डिझाइनचे नंबर लिहायचो.
सातशे एकवीस म्हणजे मोर,
सातशे बावीस म्हणजे तोच मोर, मान वळवलेला.
आता पोरांचे नंबर.

शाळेला सुट्ट्या लागल्या की गर्दी वाढते.
घसरून पडलं, डब्ल्यू शून्य एक.
दारात बोट चेमटलं, डब्ल्यू तेवीस.
कुत्रं चावलं तर वेगळा,
भाऊ चावला तर त्याहून वेगळा.
गड्ड्याच्या जत्रेत हात धरून गोल फिरवलं,
कोपर निसटलं, त्यालाही आहे.
फिरवणाऱ्या बापाला रकाना नाही.
तो बाहेर चपलांजवळ उभा असतो,
पैसे आधीच मोजून.

टाके दोन, ड्रेसिंग एक, धनुर्वाताचं इंजेक्शन एक.
फुगा बिलात धरत नाही.
"एवढ्या दोन टाक्याला सहाशे?
सहाशेत आमच्याकडं अख्खी चादर मिळते की वो,
झालर लावून."
मी म्हणतो, चादर रडत नाही.
यावर कुणी हसतं, कुणी नाही.
पावती मात्र सगळे नीट चौघडी घालून ठेवतात.

काल विमा कंपनीनं एक फाईल परत पाठवली.
चरण मेरगू, वय चार.
कानात शेंगदाणा.
काढला, त्याचे पैसे मागितले,
तर विचारतात : कान कुठला?
डॉक्टरांनी नुसतं 'कान' लिहिलेलं.
विचारलं तर म्हणाले, अहो, त्या दिवशी एकोणसाठ पेशंट होते.
शेंगदाणा मात्र आहे, माझ्या ड्रॉवरमध्ये, डबीत,
भाजलेला, अर्ध्या सालीचा.
पुरावा मागतील म्हणून ठेवला होता.
तो कुणीच मागितला नाही.

फोन लावला. मागं माग चालू, खटक खटक खटक.
अनसूयाबाई ओरडून बोलत होत्या, मीही ओरडून.
"कुठला म्हंजे? कानच की वो!"
डावा की उजवा?
"थांबा, इचारते."
मग तेलुगूत काहीतरी, मग हसणं,
मग माग अचानक बंद झाला.
इतकी शांतता, की मला वाटलं फोन तुटला.
"त्याला आठवंना बगा.
म्हनतोय, दोनीनं ऐकू येतंय आता."
मागून बारीक आवाज :
माझा शेंगदाणा कुठाय?

कंपनीचा रकाना वाट बघत होता,
एकच अक्षर हवं होतं त्याला.
घड्याळात पावणेसहा.
फोन अजून माझ्या डाव्या कानाला होता.
तेच टाकलं.