टकटक

कीबोर्ड मीच जोडला,
तापकीर गल्लीतली सोल्डरिंग गन, सुटीचे दोन रविवार.
ळ ची कळ अजून अडकते,
माझ्या नोंदींत बाभूळ कायम बाभूळळळ.

लॅपटॉप जुन्या बाजारातला, बिजागरीला रबरबँड.
ऑफिसचा चकचकीत वेगळा;
शुक्रवारी हिंजवडीहून आला की तो बॅगेतच निजतो,
मीही उठवत नाही.

माळ्यावर, चकलीच्या सोऱ्याशेजारी
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. नाव जागल्या.
बाल्कनीतल्या माइकमधून ऐकत बसतो,
कोण केव्हा बोललं ते लिहून ठेवतो:
बुलबुल, सहा दोन.
दूधवाला, सहा चार.
तांबट. तांबट. तांबट.

मिनिटाला एकशे दहा टोले, जानेवारीपासून मोजतेय.
कशासाठी, ते आईलाही सांगता आलेलं नाही.

परवा आकडा एकदम दुप्पट.
कोड उसवला, तारखा ताडल्या, चूक सापडेना.
मग हेडफोन लावून नुसतं ऐकलं:
समोरच्या उंबरावर तो,
आणि उघड्या खिडकीत मी,
ळ अडकेपर्यंत.

जिन्यात निजामपूरकरांना हे सांगितलं.
हयात तांबट आळीत गेली त्यांची,
आता मुलाकडे असतात, माझ्या बरोबर खाली.
म्हणाले, ऐकतो ना रोज.
पक्ष्याचं ठीक आहे.
तुमचा हात घाई करतो.
हंडा मठारत असता
तर पोचा आला असता.