कानोसा

नारिनमध्ये पहाटे उणे एकवीस.
एमिलबेकची व्हॅन रात्रभर आमच्या अंगणात,
बॉनेटवर जुनी रजई,
आजारी वासरावर घालतात तशी.

"गरम गाडी आणून दाखवू नकोस," वडिलांनी कालच बजावलं होतं,
"गरम इंजिन लबाड असतं.
पाहुण्यांसमोर पोरं कशी शहाण्यासारखी बसतात, तसं.
इथेच गारठू दे तिला."

म्हणून आम्ही तिघं अंधारात.
वडिलांच्या हातात तो हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक इंजिनच्या कव्हरवर,
मूठ कानामागच्या हाडाला टेकलेली.

मी किल्ली फिरवली.

पत्र्याच्या डब्यात कुणी मूठभर खिळे हलवावेत
तसं काहीतरी, पुढच्या अंगाला, खोल आत.
दोन सेकंद. फार तर अडीच.
मग तेल वर चढलं,
टेन्शनरनं साखळी आवळून धरली
आणि सगळं कसं साळसूद झालं.

वडील अजून वाकलेलेच.
"झकास," ते म्हणाले. "अजून वीस हजार आरामात."

एमिलबेक केवढा खुलला.
आठवड्यातून सहा खेपा डोलोनच्या खिंडीवरून,
सात माणसं, पोती, कधी पाय बांधलेली मेंढी.
साखळी बदलायची म्हणजे
सुटे भाग बिश्केकहून येईस्तोवर गाडी उभी,
हप्ता मात्र उभा राहत नाही.
तो "झकास" हा एवढाच शब्द घ्यायला आला होता
आणि तो त्याला फुकट मिळाला.

अकरा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली आहे.
यांनीच शिकवलं:
पट्टा न सांगता तुटतो, साखळी आधी सांगते.
किलोमीटर ती मोजत नाही,
तेल किती वेळा बदललं ते मोजते.
थंडीत सांगते, पहिल्या दोन सेकंदांत सांगते,
महिनोन्महिने तेच तेच सांगते,
आणि एक दिवस दात सोडते.
मग वर येणाऱ्या पिस्टनला उघडा व्हॉल्व आडवा येतो
आणि चढणीवर, बर्फात, सात माणसांसकट
सांगायचं काही उरतच नाही.

शरदात एकदा चुलीवरची किटली शिट्टी मारत होती,
वडील तिच्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते.
मी ती उतरवली. चहा केला.
काही बोलले नाही.
कानाडोळा म्हणतात तो हाच असावा:
कान त्यांचे, डोळा माझा.

"तेल बघू या का?" मी विचारलं.
गिऱ्हाइकासमोर एवढंच विचारता येत होतं.

पांढऱ्या इनॅमलच्या परातीत काळं तेल,
धार संपत आली तेव्हा
नखाच्या तुकड्याएवढं तपकिरी प्लास्टिक.
मार्गपट्टीचं.
वडिलांनी ते चिमटीत घेतलं, पुसलं,
टॉर्चखाली धरलं, उलटं केलं,
पुन्हा सुलटं केलं.

"खिंड चढायची नाही," ते एमिलबेकला म्हणाले,
"आज नाही. उद्याही नाही."
तो काहीतरी पुटपुटला, रजई उचलली,
परत बॉनेटवर घातली.

मग माझ्याकडे पाठ करून:
"किती वेळ वाजली?"
"दोन सेकंद."
बराच वेळ ते हात पुसत राहिले,
स्वच्छ झालेले हात.
"आणि गुरुवारी जोल्दोशची निळी गाडी?"

मी परातीत बघत होते.
"थोडी," मी म्हणाले. "तीही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.
खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
एकेक आकडा दाबला,
कानाला लावला,
या कानाला, मग त्या कानाला,
आणि माझ्या हातात दिला.

"बघ," ते म्हणाले, "वाजतोय का."

वाजत होता.
बराच वेळ वाजत होता.