पिवळ्याच्या आठ छटा

साजाच्या लेबर कॅम्पात, सहाव्या ब्लॉकच्या संडासाबाहेर
मी एक तक्ता चिकटवला, लॅमिनेट केलेला:
पिवळ्याच्या आठ छटा, फिकटापासून गडदपर्यंत,
खाली पाच भाषांत एकच वाक्य,
लघवीचा रंग बघा, पाणी प्या.
मराठी माझं होतं. बंगाली एका वर्गमैत्रिणीचं.
नेपाळीत एक चूक राहिली होती,
ती तिलकने खिळ्याने खरवडून दुरुस्त केली
आणि मला सांगितलंही नाही.

माझ्या प्रबंधाचं नाव लांबलचक आहे.
अब्बा ते पूर्ण म्हणत नाहीत. लोकांना सांगतात,
"रुमाना पाण्याचं शिकते."
बावीस वर्षं तेही पाण्याचंच करतायत:
गोड्या पाण्याचा टँकर, पोटावर निळी अक्षरं,
शुक्रवारी शेजारच्या सीटवर मी,
पाय खाली टेकत नव्हते तेव्हापासून.
याच कॅम्पाच्या टाक्या भरताना
मी काचेतून हात हलवायचे.
कोणाला, ते कधी विचारलं नव्हतं.

पुंडलिक गोताड, शटरिंग कारपेंटर, गाव गुहागरच्या अलीकडे,
तक्त्यापुढे उभा राहिला, चष्मा कपाळावर.
"नंबर कशाला, बाय? हे शहाळ्याचं पाणी.
हे लिंबू सरबत. हे दोन ॲपल ज्यूस, एकात पाणी घातलेलं.
हा मध. ही सुलेमानी चहा."
सातव्याला नाव सुचलं नाही त्याला.
"आणि ही शेवटची, काकवी."
सगळे हसले. कुणीतरी मार्करने नावं लिहूनही टाकली.
मोफिजुल हसला नाही.

त्याला विचारलं, दिवसभर पाणी का पीत नाहीस.
शिकवल्याप्रमाणे विचारलं: आवाज मऊ, पेन खाली.
म्हणाला, पाणी थंड असतं, भरपूर असतं,
तुमचे अब्बाच तर आणतात.
प्यायलं की जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून मी ते जाणं चालून पाहिलं.
अकरावा मजला. लिफ्ट मालासाठी.
जिना, सळ्या, वाळूचा ढीग, गेट, मग केबिन:
आठशे चाळीस पावलं.
परतताना मोजायचं राहिलं,
धाप लागली होती. सकाळचे नऊ वाजले होते.
फोरमन वाईट माणूस नव्हता.
त्याने वही दाखवली. वहीत नावांपुढे
कापलेली मिनिटं होती.

आणि माझी योजना काय होती?
प्रत्येकाला दोन लिटरची बाटली, नावासकट.
समतेच्या पेपरात मला चांगले मार्क होते.

मग पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं.
नोव्हेंबरात, ऊन उतरल्यावर,
पाचव्या मजल्यावर एक केबिन आली, क्रेनने,
हवेत लटकताना दार उघडं पडलेलं.
लोकांनी संडासाला टाळ्या वाजवल्या. मीही.
तोवर इमारत एकवीस मजल्यांवर गेली होती.

मोफिजुल तेव्हा नव्हता.
त्याचा रिपोर्ट ऑगस्टातच आला,
क्रिएटिनिनच्या आकड्याखाली लाल रेघ.
नोआखालीला जाताना त्याने खिडकीची सीट मागून घेतली,
म्हणाला, आपण बांधलेलं एकदा वरून बघतो.

पदवी झाली. दुबईहून एक नोकरी चालून आली,
काचेच्या ऑफिसात, नकाशांवर ठिपके लावायची.
मी साजातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात लागले.
पगार अब्बांपेक्षा थोडा कमी.
ते काही बोलले नाहीत. मलाही नीट सांगता आलं नसतं.

परवा ते कॅम्पाची टाकी भरत होते,
मी सीटखाली माझी चप्पल शोधत होते.
हाताला एक बाटली लागली, बूच घट्ट लावलेली.
अब्बांनी पाइपाकडे बघतच विचारलं,
"त्या तक्त्यावर, सुलेमानीच्या पुढचा,
काकवीच्या अलीकडचा,
त्याला काय म्हणतात गं?"