खांब क्रमांक एकसष्ट

सोफिया माझ्या पडद्यावर सपाट आहे.
वितोशाचा डोंगर नाही, लिंडनची झाडं नाहीत,
नुसत्या रेघा, रेघांच्या गाठी,
आणि गाठीगाठींतून सरकणारे ठिपके.
सकाळी सात ते नऊ, दोन लाख अकरा हजार.
ठिपक्याला घाई असते, एवढं मी धरून चालते.
घाईचं सूत्र आहे.
चिडण्याचं अजून कुणी मांडलेलं नाही.

शहरभर ऐंशी नळ्या.
बोटाएवढ्या, तोंड खाली करून
दिव्याच्या खांबांना बांधलेल्या;
पंधरा पंधरा दिवस गुमान धूर पितात.
प्लामेन शिडी घेऊन जातो, उतरवून आणतो.
मी म्हणते, तुझ्या हातमोज्यांना गावभरच्या हवेचा वास येतो.
तो म्हणतो, कसली हवा, तो माझ्या कुत्र्याचा.

एकोणऐंशी ठिकाणी हिशेब जुळला.
एकसष्टाव्या खांबाशी घोडं पेंड खातं.
मॉडेल म्हणतं अडतीस.
नळी म्हणते सत्तावन्न.
नळी बदलली. तरी सत्तावन्न.
वारा तपासला, चढ तपासला, डिझेलची टक्केवारी,
रात्री साडेअकराला स्वतःची बेरीजसुद्धा.
साहेब म्हणाले, रालित्सा, दीडने गुण आणि मोकळी हो.

गुणता आलं असतं.
अडतीस दीडे सत्तावन्न, इतकं चोख
की त्याचीच भीती वाटली.

डिसेंबरातला मंगळवार.
धुकं एवढं खाली, की ट्रामची तार
ठिणगी पडेल तेव्हाच दिसावी.
मी त्या खांबाखाली जाऊन उभी राहिले,
हातात एक कागद आणि लिहीत नसलेलं पेन.

सात बावीसला एका टपरीची खिडकी वर गेली.
आतून वाफ आली, तुपकट, चीजची;
बानित्सा, पापुद्रे सुटलेली, ताटाएवढी,
आणि आडव्या फळीवर बोझाच्या बाटल्या.
पहिली गाडी थांबली. इंजिन चालूच.
दुसरी तिच्या शेपटीला.
तिसरी सरळ बसच्या पट्ट्यात, दिवे लुकलुकवत,
जणू लुकलुकणं म्हणजेच परवानगी.
मागे चढावर बस अडकलेली,
पोटात साठ माणसं घेऊन गुरगुरणारी.
प्रत्येकाचे नव्वद सेकंद.
नऊपर्यंत बहात्तर गाड्या.

माझ्या मॉडेलमध्ये
या रस्त्यावर कुणाला भूक लागत नाही.

टपरीवाली त्सोन्का म्हणाली, काय मोजतेस गं?
आधी पोलिसांनी मोजलं, मग बँकेनं.
घे, खा, गरम आहे तोवर.
तिच्या डोक्यावर, झरोक्याला, एक फडकं ताणलेलं,
खारीच्या पाठीसारखं करडं.
सोमवारी पांढरं लावते, म्हणाली,
उद्या काढायचं.
प्लामेनची शिडी नाही, प्रयोगशाळा नाही,
सोमवार ते बुधवार. तिची नळी
आमच्याहून लवकर भरते.

परत येऊन मी थांबे घातले.
नव्वद सेकंद, बहात्तर वेळा, चढावर.
छप्पन्न.
प्लामेननं टेबल वाजवलं.
साहेब म्हणाले, आता उपाय क्रमांक सात चालवून बघ:
लोखंडी खुंट, थांबायला बंदी.
एकेचाळीस.
नकाशावर लाल होतं ते पिवळं झालं,
बैठकीत सगळ्यांना पिवळं आवडलं.

मॉडेलमधले बहात्तर जण
उपाशी, शहाण्यासारखे, सरळ पुढे गेले.
खरे बहात्तर दोन गल्ल्या सोडून
शाळेच्या फाटकाशी थांबतील;
तिथे त्सोन्काच्या भाच्याची टपरी आहे,
खांब आहे, नळी नाही.

एक्क्याऐंशीवी नळी मागितली आहे.
अर्ज गेला आहे, उत्तर नाही.

मोजणीचा तो कागद आहे माझ्याकडे,
पेन्सिल त्सोन्काचीच, रेघा पाच पाचच्या गठ्ठ्यात,
आणि बहात्तरवर लोण्याचा डाग.
आकडा त्यातून दिसतो, उलट जरा जास्तच.
स्कॅन करून जोडला आहे अहवालाला.
कुणी विचारलंच, तर परिशिष्ट पाच.