डब्यात काय असायचं

मिस कोस्केला,
डलूथच्या त्या कॉलेजात, मंगळवारी संध्याकाळी सहाला,
आम्ही तुमच्या वर्गात शिरलो तेव्हा
कुणालाच लेखक व्हायचं नव्हतं.
तीन क्रेडिट्स, सक्तीची. बस.
बाहेर उणे वीस, बंदर गोठलेलं,
रेडिएटर मधूनच ठोके द्यायचा,
आत कुणी अडकून पडल्यासारखा.

एकसष्टीचा ओर्विल, बंद पडलेल्या कागद गिरणीतून आलेला.
म्हणाला, जन्मभर कागद केला,
त्यावर लिहायची वेळ कधी आली नाही.
पाझोंग हॉस्पिटलातली पाळी संपवून थेट,
पायांत तेच पांढरे बूट.
मार्लिसचा पोरगा कोटात गुंडाळून शेजारच्या बाकावर झोपलेला.
आणि मी, खनिजाच्या जहाजावरचा खलाशी,
हिवाळ्यापुरता जमिनीवर.

पहिल्याच निबंधात मी वडिलांना बसवलं.
'अत्यंत प्रेमळ, कष्टाळू, थोर मनाचा माणूस.'
ठेवणीतली विशेषणं सगळी बाहेर काढली,
शोकसभेला घालायच्या कोटासारखी.
तुम्ही हिरव्या पेन्सिलीनं ती खोडलीत
आणि समासात लिहिलंत:
'हा माणूस मला दिसत नाही.
खाणीत जाताना त्याच्या डब्यात काय असायचं?'

राग आला. खोटं कशाला सांगू.
बाईंना काय करायचंय डब्याशी?
पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत
तुमच्या नावानं पुटपुटत होतो,
आणि खरवडता खरवडता
दिसला.

पत्र्याचा काळा डबा. कडी तुटलेली, तिथे तार.
रोज संध्याकाळी त्यात अर्धं सँडविच उरलेलं,
पावाच्या कडेला तांबडी धूळ.
'वाटेत ससा भेटला,' बाबा सांगायचे,
'त्यानं दिलंय तुला.'
आठ वर्षांचा होईस्तोवर
मी त्या सशाच्या हातचं जेवलो.
तो माणूस अर्ध्या पोटी डोंगर फोडत होता
हे मला कळलं एकतिसाव्या वर्षी,
काच अर्धीच साफ झाली होती तेव्हा.

तुम्ही शाबासकी द्यायला फार कंजूष.
'बरं' एवढंच लिहायचात, तेही बारीक अक्षरात,
आणि आम्ही ते घडी घालून पाकिटात ठेवायचो.
पाझोंगच्या एका वाक्याचं व्याकरण
चारी पायांनी लंगडत होतं.
त्याखाली तुम्ही लिहिलंत:
'चुकलंय. पण हात लावू नकोस.
सरळ केलंस तर मरेल.'
ती ते वाचून बराच वेळ
खिडकीबाहेर बघत बसली.
खिडकीबाहेर काही नव्हतं.

अकरा वर्षांनी तुमच्या निरोपाला जमलो.
केकवर तुमच्या नावात एक अक्षर जास्तीचं,
तुम्ही ते बोटानं पुसलंत आणि बोट चाटलंत.
म्हणालात, आता बरोबर.
ओर्विल नव्हता. त्याची मुलगी आली होती.
तुम्ही तिला विचारलंत,
'ते हातमोजे? ओल्या लगद्याच्या वासाचे?
टाकले नाहीत ना?'
तिला आधी बोलताच येईना.

मी पुढे झालो. तुम्ही मला ग्लेन म्हणालात.
माझं नाव डेल.
मार्लिस दुरुस्त करायला गेली, मी तिला खुणेनं थांबवलं.
तुम्ही चष्मा पुसलात, माझ्याकडे नीट पाहिलंत.
'थांब,' म्हणालात. 'ससा.'

खिशात भाषण होतं, पाठ केलेलं.
'प्रेरणा' होती त्यात, 'आजन्म ऋणी' होतं,
दिव्याची वात सुद्धा होती कुठेतरी.
राहू दिलं खिशातच.
तुमच्या पर्समधून पेन्सिलीचं टोक दिसत होतं.

डबा अजून आहे, मिस कोस्केला.
तार मी बदलली.
पाळीवरून घरी येताना त्यात अर्धं काहीतरी उरवतो,
लेक धावत येते, झाकण उघडते,
कुणी दिलं ते विचारते.
मी सांगतो.
पुढचं तिचं ती लिहील.