नाव काढणे

तांडापेठेतलं ते कुलूप मी तीनदा पाहिलं,
चौथ्यांदा लिहून टाकलं : स्थलांतरित.
सगुणाबाई धकाते तेव्हा मेयोत होत्या,
नवऱ्याच्या खाटेखाली चटई टाकून.

आज यादीत नवरा आहे,
वारून आठ महिने झाले तरी.
त्या नाहीत.

पानठेल्यावर दोघं कायद्यावरून भांडतात :
यादी साफच पाहिजे म्हणतो एक.
अन् साफ म्हणजे काय गा, बाप्पा?

"नवऱ्याचं नाव सांगा."
उखाण्यात घेतलं होतं त्यांनी, लग्नात.
त्यानंतर आज.

मग हळूच म्हणाल्या,
"मॅडम, आमच्या घरात कोनीच नाव नाही काढलं कधी.
तुम्हीच काढलं."

माझ्या बोटावर सकाळचीच शाई.
मी ते बोट
यादीखाली सरकवलं.